साभार परत

गेल्या वर्षी कन्नड तालुक्यातील एका लहानशा गावच्या शाळेतून मला बोलावणे आले होते. मुलांना लेखक प्रत्यक्ष पाहावयास मिळावा, अशी तेथील गुरुजींची इच्छा होती. शाळेच्या ओसरीवर सतरंज्या अंथरल्या होत्या आणि फळ्यावर रंगीत खडूने माझे नाव लिहिले होते. माझे भाषण झाले, टाळ्या झाल्या. मग गुरुजी म्हणाले, "कोणाला काही विचारावयाचे असेल, तर विचारा." बराच वेळ कोणी बोलेना. अखेर शेवटच्या रांगेतील एक मुलगी उठून उभी राहिली आणि ओढणीचे टोक बोटाला गुंडाळीत म्हणाली, "लिहून पोट भरतं का हो?"

सारी मुले खो खो हसली. गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला मात्र हसू आले नाही. कारण हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, माझ्या वडिलांनी मला पूर्वी विचारला होता. त्या दिवशी मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली. परंतु परतीच्या एस. टी. मध्ये बसल्यावर मला चुटपुट लागली. त्या मुलीने खरे विचारले होते आणि मी तिला खरे उत्तर दिले नव्हते. ते उत्तर आज देतो.

आमचे घर गुलमंडीजवळच्या एका बोळात होते. त्या वेळी आमच्या शहराचे नाव औरंगाबाद होते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, एका छापखान्यात कंपोझिटर होते. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. त्या काळी पुस्तकाचे प्रत्येक अक्षर शिशाच्या एका लहानशा खिळ्यावर कोरलेले असे. असे खिळे लाकडी पेटीच्या निरनिराळ्या खणांत ठेवीत. कंपोझिटरने हस्तलिखित समोर ठेवून एकेक खिळा उचलावयाचा, तो हातातल्या स्टिकमध्ये लावावयाचा आणि शब्दाला शब्द, ओळीला ओळ जोडीत पान तयार करावयाचे. खिळ्यावरचे अक्षर उलटे असे. म्हणून नाना उलटे लेखन तुमच्या-आमच्या सुलट वाचण्याइतक्याच सहजपणे वाचीत. त्यांच्या बोटांच्या टोकांवर कायम काळी झाक असे. आई म्हणे, "यांच्या हातची भाकरीसुद्धा छापलेली दिसते."

नानांचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते. पण लेखकांविषयी त्यांच्या मनात फार आदर होता. १९५७ साली आमच्या शहरात मराठी साहित्य संमेलन भरले. अनंत काणेकर त्याचे अध्यक्ष होते. नाना मंडपात सर्वांच्या मागे उभे राहून ते पाहून आले होते, आणि पुढे कितीतरी वर्षे त्याच्या आठवणी सांगत. त्याच नानांना लेखकांची दुसरी बाजूही माहीत होती. कित्येक लेखक छापखान्याची उधारी फेडू न शकल्याने तोंड लपवीत फिरत, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून 'मी लेखक होणार' असे मी प्रथम म्हणालो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "लिहून पोट भरतं का रे?"

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ते १९७२ साल होते.

त्या वर्षी एका वृत्तपत्राने आपल्या मुलांच्या पानासाठी लेख मागविले होते. मी 'वर्षाऋतूचे आगमन' या विषयावर निबंध लिहिला. शाळेच्या पुस्तकांतून व जुन्या मासिकांतून मी मोठमोठे शब्द वेचून ठेवले होते. ते सारे त्यात ओतले. नभोमंडळ कृष्णमेघांनी आच्छादून गेले, विद्युल्लता चमकू लागली, आणि आनंदाने बेहोष झालेले मयूर पिसारे फुलवून थुईथुई नाचू लागले, असा त्याचा प्रारंभ होता. तो मी तीनदा सुवाच्य अक्षरात उतरून काढला आणि आईकडून पोस्टाचे पैसे घेऊन, परतीच्या पाकिटासह, पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी ते परतीचे पाकीट घरी आले. आत माझाच निबंध होता. त्याला एक छापील चिठ्ठी टाचली होती. तिच्यावर दोनच शब्द होते : 'साभार परत'. त्यांच्याखाली कोणीतरी निळ्या शाईने एक ओळ लिहिली होती : 'यंदा आपल्याकडे मोर कोठे नाचले, ते कळवावे.'

ती ओळ वाचून माझे कान तापले. १९७२ साली मराठवाड्यात पाऊस पडलाच नव्हता म्हटले तरी चालेल. खरिपाची पिके उभ्या उभ्या करपली होती. गावोगावच्या विहिरींचे तळ दिसत होते. लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती, आणि मी घरात बसून मोर नाचवीत होतो! मी रडत रडत ते पाकीट नानांपुढे टाकले. ते माझी समजूत घालतील असे मला वाटले होते. त्यांनी निबंध शांतपणे वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "उद्या रविवार आहे. माझ्याबरोबर छापखान्यात चल."

दुसऱ्या दिवशी नानांनी मला पेटीपुढे स्टुलावर उभे केले, हातात स्टिक दिली आणि माझ्याच निबंधाचे पहिले वाक्य जुळवावयास सांगितले. मुलांनो, लेखणीने 'कृष्णमेघांनी' हा शब्द लिहावयास एक क्षण पुरतो. खिळ्यांनी तो जुळविताना मात्र घाम फुटतो. जोडाक्षराचा खिळा सापडेना. सापडला तर उलटा लागे. उलटा काढून सुलटा लावावा, तर शेजारचा खिळा पडे. 'विद्युल्लता' जुळविता जुळविता माझे पाय दुखू लागले. ते एक वाक्य पुरे होईपर्यंत दुपारचे बारा वाजले.

मग नाना म्हणाले, "आता दुसरे वाक्य जुळव. 'यंदा पाऊस आला नाही.'"

ते वाक्य मी थोड्याच वेळात जुळविले. नानांनी दोन्ही वाक्यांना शाई लावून एका कागदावर त्यांचा ठसा काढला आणि तो माझ्यापुढे धरला. "वाच," ते म्हणाले, "आणि सांग, आपल्या गल्लीतल्या दूधवाल्याला हा कागद दिला, तर तो कोणत्या वाक्यापाशी थांबेल?"

मी उत्तर दिले नाही. पण ते मला कळले होते. पहिल्या वाक्याला माझ्या सकाळभराच्या श्रमांचे मोल लागले होते आणि त्यातून कोणालाच काही मिळत नव्हते. दुसऱ्या वाक्यात चारच शब्द होते. पण ज्याच्या गोठ्यात जनावरे उभी आहेत, त्याच्या काळजाला ते जाऊन भिडले असते.

"मोठा शब्द वाईट नसतो, बरं का," नाना पुढे म्हणाले. "कधी कधी त्याच्यावाचून चालतही नाही. पण काम न करणारा पाहुणा घरात किती दिवस ठेवायचा?"

त्यानंतर त्यांनी मला ते सारे खिळे पुन्हा आपापल्या खणांत सोडावयास लावले. मी कंटाळून एक खिळा भलत्याच खणात टाकला. नानांनी तो लगेच हेरला. "हा खिळा येथेच राहिला असता," ते म्हणाले, "तर उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी पानात चूक झाली असती, आणि ती कोणामुळे झाली, हे कोणालाच कळले नसते." पुढील आयुष्यात लेखनासंबंधी मी पुष्कळ ग्रंथ वाचले. परंतु त्या रविवारी शिकलो त्याहून मोठा धडा मला त्यांत आढळला नाही.

त्याच महिन्यात आईबरोबर मी वैजापूर तालुक्यात मावशीच्या गावी गेलो. मावशीची आठ एकर जमीन होती. दर वर्षी सुगी झाली की तिच्याकडून आमच्या घरी ज्वारीचे पोते येई. त्या वर्षी मावशी घरी नव्हती. ती गावाबाहेरच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. बाभळीच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून तिने आपले लहान मूल निजविले होते. तिच्या तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मला पाहताच ती हसली आणि म्हणाली, "ये रे राजा. दगड फुटतोय तोवर चूल पेटतेय." संध्याकाळी तिने आम्हांला परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी वाढल्या. त्या माझ्या घशाखाली उतरेनात. परंतु मावशीपुढे मी त्या संपविल्या.

घरी येऊन मी पुन्हा लिहावयास बसलो. या वेळी मी एकही शब्द उसना आणला नाही. झोळी, चिंध्या, खडीचा ढीग, भाकरीचा रंग, एवढेच लिहिले. लेख नानांना दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "मावशीला विचारलेस का? आठ एकरांची मालकीण खडी फोडते, हे जगाला सांगायचे की नाही, हे तू कोण ठरवणार?"

हा विचार माझ्या मनातही आला नव्हता. मी मावशीला कार्ड टाकले. तिला लिहिता येत नव्हते. गावातल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेले उत्तर आले : 'माझे नाव घालू नको. पण मजुरी तीन आठवडे मिळाली नाही, तेवढे घाल.' मी तसे केले. तो लेख छापून आला. मजुरीही पुढे काही दिवसांनी मिळाली. ती माझ्या लेखामुळे मिळाली, असे मात्र मी म्हणणार नाही. अशा कामांच्या अनुभवातूनच महाराष्ट्राने पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, हे मला मोठेपणी समजले. मावशीने तो लेख त्या बाभळीखाली सर्व बायांना वाचून दाखवावयास लावला आणि मला निरोप धाडला : 'बरोबर लिहिलंस.' तेवढी मोठी शाबासकी मला त्यानंतर फार थोड्या वेळा मिळाली आहे.

लेखाबद्दल मला पाच रुपयांची मनीऑर्डर आली. नाना म्हणाले, "हे पैसे आईला दे. ते खर्च होतील. पण तो परत आलेला निबंध जपून ठेव." तो कागद आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

याच सुमारास शाळेत आमच्या मराठीच्या गुरुजींनी आम्हांला गुणाढ्याची कथा सांगितली. आमच्या शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर गोदावरीच्या काठी पैठण आहे; त्याचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. तेथे सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एका पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या व रानात जाऊन पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' रचली. शाई मिळेना, म्हणून ती त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती भाषा पाहून नाक मुरडले आणि ग्रंथ परत धाडला. तेव्हा खिन्न झालेल्या गुणाढ्याने रानात अग्नी पेटविला आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो ते अग्नीत टाकू लागला. रानातील पशुपक्षी चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. राजाला हे कळले आणि तो धावत आला; पण तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एका लक्षाचीच कथा पुढे जगाला मिळाली. काश्मीरच्या सोमदेव कवीने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' या ग्रंथात ही हकीकत सांगितली आहे.

कथा ऐकून वर्गातील सर्वांनी राजाला दोष दिला. मला मात्र वाटले, साभार परत येण्याचे दुःख आपल्या भूमीला किती जुन्या काळापासून ठाऊक आहे! आणि दुसराही एक विचार मनात आला. परत आलेले लिखाण जाळू नये. त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी! पुढे मी जेव्हा जेव्हा काही लिहिले, तेव्हा तेव्हा खाली कार्बन कागद घालून त्याची नक्कल काढून ठेवली. त्याचा उपयोग मला कितीदा तरी झाला.

महाविद्यालयातील शिक्षण पुरे झाल्यावर मी एका कचेरीत कारकून झालो. दिवसा फायली आणि रात्री लेखन, असा क्रम सुरू झाला. पाच वर्षांनी मी नानांना म्हणालो, "मला नोकरी सोडून केवळ लेखनावर राहायचे आहे." ते रागावले नाहीत. त्यांनी छापखान्यातून एक कोरी वही आणून मला दिली. "आणखी दोन वर्षे नोकरी कर," ते म्हणाले, "आणि या वहीत हिशेब ठेव. काय पाठवलेस, कोठे पाठवलेस, त्याचे काय झाले, पैसे किती आले. दोन वर्षांनी वहीच सांगेल."

पहिल्या वर्षी मी एकेचाळीस लेख पाठविले. एकोणतीस परत आले, सातांचे उत्तरच आले नाही आणि पाच छापून आले. वर्षाची कमाई माझ्या एका महिन्याच्या पगाराहून कमी होती. परंतु वही समोर असल्यामुळे मला माझी चूकही दिसू लागली. मी जे मनात येई ते लिहीत होतो आणि जो पत्ता सापडेल तेथे पाठवीत होतो. शेतीच्या मासिकाला काव्यावरील लेख आणि स्त्रियांच्या मासिकाला किल्ल्यांचा इतिहास! ज्या घरी जावयाचे, तेथली माणसे कोण, हे न पाहताच मी दार ठोठावीत होतो. दुसऱ्या वर्षी मी वाचनालयात बसून प्रत्येक नियतकालिकाचे मागील वर्षभराचे अंक वाचले, मगच लिहिले. दिवाळी अंकांसाठी लेखन कधी द्यावयाचे, हेही शिकलो. आपल्याकडे काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची दिवाळी पावसाळ्यातच सुरू होते. आकाशकंदील लागल्यावर लेख पाठविणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. त्या दुसऱ्या वर्षी माझे बावीस लेख छापून आले. नानांनी वही पाहिली, मान हलविली आणि म्हणाले, "सोड."

नोकरी सोडल्यावर मी नाना प्रकारची कामे केली. वृत्तपत्रांत सदरे लिहिली, आकाशवाणीसाठी भाषणे लिहिली, हिंदी-इंग्रजीतून भाषांतरे केली, दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रिते तपासली, संस्थांच्या स्मरणिकांसाठी मजकूर तयार केला. त्यांपैकी एका स्मरणिकेच्या चालकांनी तीन महिने माझ्याकडून काम करून घेतले आणि एक पैसाही दिला नाही. सारे काही तोंडी ठरले होते. मी हताश होऊन बसलो, तेव्हा नाना म्हणाले, "जगाचे लिहितोस, आणि स्वतःचा करार लिहून घेत नाहीस?" त्या दिवसापासून काम किती, मोबदला किती आणि तो केव्हा, हे कागदावर उतरल्यावाचून मी लेखणी उचलली नाही. पुढे मी १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदाही वाचला. लेखकाने लिहिलेल्या पुस्तकावर त्याच्या हयातीत त्याचा, आणि त्याच्यानंतर साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क असतो, असे तो कायदा सांगतो. शेतकऱ्याला जसा सातबारा, तसा लेखकाला हा कायदा!

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. तेथे शतकानुशतके हातकागद तयार होत आला आहे. मला त्यावर लेख लिहावयाचा होता. हाती वेळ थोडा होता; गावही फार दूर नव्हते; तरी मी गेलो नाही. ऐकीव माहितीवर भिस्त ठेवून, तेथील कागद बांबूपासून होतो, असे लिहून मोकळा झालो. लेख छापून आल्यावर त्या गावातून एक पत्र आले. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता. 'साहेब, एकदा आमचे काम पाहायला या,' एवढेच त्यात लिहिले होते.

मी गेलो. एका वृद्ध कारागिराने मला सारे दाखविले. कापडाच्या चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात. तो हौदातील पाण्यात कालवतात. बारीक काड्यांची चटई ताणलेली चौकट त्या पाण्यात बुडवून वर उचलली, की तिच्यावर लगद्याचा पातळ थर येतो. तो थर दाबून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटला, की कागद तयार होतो. चौकट उचलताना हात जरासा कलला, तर कागद एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला विरळ होतो. "मग असा बिघडलेला कागद फेकून देता काय?" मी विचारले. म्हातारबाबा हसले. "फेकायचा कशाला? पुन्हा हौदात टाकायचा. त्याचाच चांगला कागद होतो."

मला माझ्या टेबलाच्या खणातला तो निबंध आठवला. घरी येऊन मी माझ्या चुकीची दुरुस्ती त्याच वृत्तपत्रात छापण्यासाठी पाठविली. तसे करताना जीवावर आले होते, हे कबूल करतो. परंतु त्याच दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना, एकनाथांनी हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी सारी रात्र जागून काढली, अशी कथा आपण ऐकतो. याच एकनाथांनी पुढे, १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून पाहून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. दुसऱ्याच्या ग्रंथातील अशुद्धे काढण्यासाठी ज्यांनी एवढे कष्ट घेतले, त्यांच्या प्रदेशात राहून मी स्वतःची चूक झाकून ठेवावी, हे मला बरे वाटले नाही.

पुढे छपाईची नवी यंत्रे आली. खिळ्यांचे काम संपले. नानांच्या छापखान्यातील शिसे एके दिवशी वजनावर विकले गेले. त्या संध्याकाळी नाना जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते मला म्हणाले, "यंत्र बदलले; अक्षर बदलले नाही. तू नवे यंत्र शीक." मी संगणक शिकलो. नानांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. परंतु आजही पडद्यावर एखादा मोठा शब्द सहज उमटला, की मी थांबून स्वतःला विचारतो : हा खिळ्यांनी जुळवावा लागला असता, तर तू तो लिहिला असतास काय?

तर मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. लिहून पोट भरते. पण ते पहिल्या दिवसापासून भरत नाही, आणि प्रत्येकाचे भरतेच असे नाही. नोकरी सोडल्यानंतर माझ्या घराचा सारा खर्च लेखणीवर चालू लागण्यास आठ वर्षे लागली. तोवर शिकवण्या केल्या, आणि आईने शिवणयंत्र चालविले. ज्यांची नावे आपण आदराने घेतो, त्यांतील कित्येकांनी पोटासाठी दुसरे काम केले. परभणीचे बी. रघुनाथ सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत कथा-कविता लिहीत. 'फकिरा' लिहिणारे अण्णा भाऊ साठे मुंबईच्या गिरणीत राबले होते. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे पळसखेड्याचे ना. धों. महानोर अखेरपर्यंत शेतकरीच राहिले, आणि त्यांची कविता त्या शेतातच उगवली. गो. नी. दांडेकरांसारखे केवळ लेखणीवर जगणारेही होऊन गेले. परंतु त्यासाठी त्यांनी केवढे श्रम केले, आणि किती रानोमाळ पायी भटकले! दुसरे काम करून लिहिणारा लेखक कमी प्रतीचा, असे मुळीच नाही.

म्हणून तुला लिहावेसे वाटत असेल, तर लिही. जे पाहिले आहेस ते लिही. जे पाहिले नसेल, ते पाहून ये. ज्यांच्याविषयी लिहिशील, त्यांना आधी विचार. एक प्रत आपल्यापाशी ठेव. हिशेबाची वही ठेव. आणि तुझे पहिले पाकीट परत आले, तर रडू आले तरी ते फाडू नकोस. त्या गावच्या शाळेचा पत्ता मजपाशी आहे. हा लेख छापून आला, की त्याची एक प्रत मी तेथे पाठविणार आहे. तो वाचून तुला काही चुकलेले आढळले, तर तेही निळ्या शाईने खाली लिहून खुशाल परत पाठव.